अकराव्या रस्त्याची पाटी

दिनांक ९ फेब्रुवारी

ती. दादास,

साष्टांग नमस्कार. गुडघे आता ऐकत नाहीत, तेव्हा कागदावर घातलेलाच मानून घे. वहिनींना नमस्कार, भाचीला भरपूर आशीर्वाद. आम्ही सगळे ठीक आहोत. बाबांचा खोकला बरा आहे. ऐकू पूर्वीइतकंच येतं, म्हणजे त्यांना हवं तेवढं. आमचे हे रिटायर झाल्यापासून दिवसभर माझ्यामागून दिवे बंद करत फिरतात. झालं कुशल. आता बातमी सांगते, कारण मला दम धरवत नाहीये.

दादा, मी रस्त्यांना नावं देतेय!

हसू नकोस. आपली वीटभट्टी आठवते ना, बाबा जिथे मुकादम होते ती? ती बंद पडून जमाना झाला. नुसतं धुराडं उभं होतं आणि भोवती गवत. आता तिथे घरं होतायत. छोटी, दुमजली, पुढे हातभर अंगण, अशी ओळीने. भिंती उभ्या राहिल्या, नळ आले, दिव्याचे खांब आले, पण रस्त्यांना नावंच नाहीत. अकरा रस्ते आणि सगळे बिननावाचे! नगरपालिकेने समिती नेमली. अशा समितीत पोस्टाचा एक माणूस घेतात, कारण उद्या पत्रं घेऊन दारोदार फिरायचं ते आम्हाला. आमच्या पोस्टमास्तरांना सभांची ॲलर्जी, म्हणून त्यांनी मला पुढे केलं. मी वरवर चिकार कुरकुर केली आणि घरी जाताना नव्या चपला घेतल्या.

आम्ही पाच जण आहोत. अध्यक्ष म्हणजे मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. त्यांच्याबद्दल पुढे सांगते, कारण त्या तुला ओळखतात. मग अग्निशमन दलाचे साहेब. मिशा मोठ्या, आवाज त्याहून मोठा. नगरपालिकेचे एक कारकून आहेत, त्यांना मी मनातल्या मनात नियमकाका म्हणते. चहात साखर किती याचाही ते नियम सांगतील. आणि बिल्डरचे विक्री मॅनेजर. त्यांचे बूट असे चकचकीत की मी पहिल्याच दिवशी त्यात बघून केस सारखे केले.

पहिल्या सभेत मॅनेजर घरून नावं ठरवूनच आले होते. हिरा मार्ग, पाचू मार्ग, मोती मार्ग, असं सगळं जवाहिऱ्याचं दुकान. अकरा रत्नं भरेनात म्हणून शेवटी प्लॅटिनमही घातलं होतं. अग्निशमनवाले साहेब म्हणाले, "प्लॅटिनमला आग लागली असं मी माझ्या पोरांना सांगितलं, तर ती आधी पोट धरून हसतील आणि मग निघतील." त्यांची स्वतःची एक परीक्षा आहे. नाव पळत पळत, ओरडून म्हणता आलं पाहिजे. आणि नुसतं सांगून थांबले नाहीत. उठले, दार उघडलं आणि व्हरांड्यातून "पुष्कराज मार्ग! पुष्कराज मार्ग!" करत धावले. बाजूच्या खोलीतले दाखले न्यायला आलेले लोक घाबरून बाहेर आले. पुष्कराज नापास.

माझीही परीक्षा आहे. नाव डाव्या हाताने पाकिटावर लिहायचं, वर थोडं पाणी सांडायचं आणि आमच्या पोस्टमनला दाखवायचं. चष्म्याशिवाय वाचलं तर पास. मॅनेजर म्हणाले, "मॅडम, आजकाल पत्रं लिहितं कोण?" मी म्हटलं, "मी लिहिते." 

मग मी म्हटलं, इथे जे होतं त्याचीच नावं देऊ या की. तर हे महाशय म्हणतात, "इथे काय होतं? काहीच नव्हतं, ओसाड होतं सगळं." दादा, माझं डोकंच फिरलं. काही नव्हतं? मग या गावातली अर्धी घरं ज्या विटांची आहेत त्या काय आभाळातून पडल्या? मी उठून फळ्यावर सगळी भट्टीच काढून दाखवली. इथे कच्च्या विटा उन्हात मांडायचे. इथे साचे धुवायचे. इथे मुकादमाची खोली, जिच्या खिडकीतून आपण दोघं डबा आत द्यायचो. खडू तुटला तरी मी बोलतच होते. मुख्याध्यापिका गालावर हात ठेवून ऐकत होत्या.

आणि दादा, पास झाली की नावं! विटा मांडायच्या तो वाळवण रस्ता. साचे धुवायचे ती साचा गल्ली. धुराडं पाडलं तरी त्याचा गोल पाया ठेवणार आहेत, तिथे धुराडं चौक. गाढवं बांधायचो तिथे मी गाढव रस्ता सुचवला, निव्वळ मॅनेजरांचा चेहरा बघायला. तो पाहून झाल्यावर सावली रस्ता ठेवलं, कारण गाढवं तिथे सावली म्हणूनच बांधायची. एकेक नाव मंजूर व्हायचं आणि मी टेबलाखाली मुठी आवळायचे. इतका आनंद मला परीक्षेच्या निकालातसुद्धा झाला नव्हता. अर्थात माझे निकाल तुला माहीत आहेत.

राहिला अकरावा. मातीच्या खाणीत पाणी साचून डबकं झालं होतं ना, त्याच्या कडेने जातो तो. डबक्याचं आता तळं केलंय, मॅनेजरांच्या भाषेत सरोवर. त्या रस्त्याची पाळी आली तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, "याचं नाव मी सांगते. मी सहा वर्षांची असताना या पाण्यात पडले होते. भट्टीवरच्या एका मुलाने उडी टाकून मला काढलं. दुसऱ्या दिवशी तो फळ्या घेऊन आला आणि काठाने कुंपण घालायला लागला. त्याचं नाव द्यायचं." आणि त्यांनी तुझं नाव घेतलं. पूर्ण नाव, बाबांच्या नावासकट.

परक्या तोंडून तुझं नाव मी कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं.  कुंपणाची पुढची गोष्ट त्यांना माहीत नाही. फळ्या भट्टीच्या होत्या, तू विचारल्या नव्हत्यास, मालक मुकादमावर ओरडले, आणि मुकादमाने सगळ्या कामगारांसमोर तुझ्या कानाखाली वाजवून ते कुंपण तुलाच उपटायला लावलं. त्या संध्याकाळी तू गेलास. हे मी सभेत सांगितलं नाही. पाचही हात वर झाले. माझा धरून.

दादा, तुझ्या नावाचा रस्ता! आमचे पोस्टमन रोज तुझं नाव वाचणार. पोरं शाळेत पत्ता लिहिताना तुझं नाव लिहिणार, काही चुकवणार, मार खाणार. पाट्या निळ्या आहेत, अक्षरं पांढरी, कोपरे गोल. खांबही निळेच. वीस मार्चला शाळेच्या सभागृहात जाहीर सुनावणी आहे. लोकांसमोर एकेक नाव वाचतात, कुणाची हरकत आहे का विचारतात, आणि नसेल तर नाव पक्कं.

एक बारीकशी अडचण आहे. तशी बारीकच. पाट्यांचा निळा रंग जरा गडद झालाय असंही सगळ्यांचं म्हणणं आहे, पण ती अडचण वेगळी.

लिहूनच टाकते. हात वर होण्याआधी नियमकाकांनी विचारलं होतं, "व्यक्ती हयात नाही ना? हयात माणसाचं नाव रस्त्याला देता येत नाही." मुख्याध्यापिका म्हणाल्या, "नाही हो, कधीच गेला बिचारा." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, बहीण म्हणून. माझ्या तोंडाला कुलूप.

तू गेलास त्याच्या दुसऱ्या वर्षी लोक फार विचारायला लागले, तेव्हा बाबांनी सांगून टाकलं की तू परगावी तापाने वारलास. आई तर तुझ्यासाठी रोजच रडायची, त्यामुळे कुणाला शंका आली नाही. मला घरातून सक्त ताकीद होती. पुढे आई गेली. मग चार वर्षांपूर्वी तिच्या नावाने तुझं पहिलं पत्र माझ्याच टेबलावर आलं आणि मी पोस्टाच्या मागच्या खोलीत जाऊन ओक्साबोक्शी रडले, ते तुला मी लिहिलं होतं. हे नव्हतं लिहिलं. तू दर पत्रात विचारतोस, "येऊ का?" मी कधी रस्ता खराब सांगते, कधी बाबांचा खोकला. खरं कारण हे आहे. दादा, इथे तू कधीचा मेला आहेस.

रागावून लिही, पण लिही.

तुझी,
ठिणगी


दिनांक २७ फेब्रुवारी

ती. दादास,

नमस्कार. या वेळी साष्टांग नाही, कारण मी रागावले आहे.

मी एवढं पानं भरभरून लिहिलं आणि तुझं उत्तर चार ओळींचं! सुतारकामात शब्दही रंध्याने तासतोस का तू? आणि त्या चार ओळींत काय, तर "मेलो तर मेलो. आजवर माझ्या नावावर काही झालं नाही, रस्ता होतोय तर होऊ दे. बाबांना या वयात लोकांसमोर खोटं पाडू नकोस. कळवणे." कळवणे काय कळवणे! मी तुझं पत्र ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणाले, "मोठा माणूस आहे." मी म्हटलं, मोठा आहे ते माहीत आहे, शहाणा केव्हा होणार?

आधी इकडचं सांगते. मुख्याध्यापिका गेल्या आठवड्यात घरी आल्या होत्या, बाबांना बातमी द्यायला. मी त्यांना थोपवायला पोस्टातून पळत आले, तोवर त्या खुर्चीत बसून सगळं सांगून मोकळ्या झाल्या होत्या. बाबा त्यांच्याकडे एकटक बघत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "तू ती पाण्यातली का?" त्या हो म्हणाल्या. बाबांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, उठले आणि आत जाऊन दार लावून घेतलं. जेवायलाही आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "सुनावणी कधी आहे? माझा पांढरा सदरा इस्त्री करून ठेव."

म्हणजे त्यांना पहिल्या ओळीत बसायचंय. मुलाच्या नावाचा रस्ता होताना डोळ्यांनी बघायचाय. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. रोज विचारतात, किती दिवस राहिले. मिशा कातरून घेतल्यात. या माणसाला मी इतका उत्साही आयुष्यात पाहिला नव्हता, आणि मला त्याच्यावर भर सभेत पाणी ओतायचंय.

हो, ओतणार आहे. तू नको म्हणालास तरी. ठरलंय माझं.

कारण सांगते. परवा अग्निशमनवाले साहेब नमुन्याची पाटी घेऊन पोस्टात आले. रंग कसा सुकतो ते बघायला म्हणून कुठलं तरी नाव रंगवायचं, तर यांनी नेमकं तुझंच रंगवून आणलं होतं. काउंटरवर ठेवली. दादा, देखणी दिसत होती. आमचे पोस्टमन टाचा उंचावून बघत होते. मी हात फिरवला आणि क्षणभर वाटलं, राहू दे ना, कुणाचं काय बिघडतंय, केवढी सुंदर पाटी. पुढच्या क्षणी हात मागे घेतला. ही पाटी एकदा खांबावर चढली की तू कायमचा गेलास. मग तू आलास तरी कुठल्या तोंडाने येणार? स्वतःच्या नावाच्या रस्त्यावरून चोरासारखा? भाची विचारेल, "बाबा, इथे तुमचं नाव का?" तर काय सांगणार आहेस?

मला पाटी नको. पाटीशी भांडता येत नाही. पाटी माझ्या चहाला नावं ठेवत नाही. तू ठेवायचास. साखर कमी, पाणचट चहा, ठिणगीने केला म्हणजे जळकाच असणार. मला ते सगळं परत पाहिजे आणि रोज समोर बसून पाहिजे.

तेव्हा वीस तारखेला नियमकाका विचारतील, "हरकत?" आणि मी उभी राहणार. पोस्टात शिक्के मारता मारता वाक्य पाठ करतेय. "अध्यक्षबाई, माझा भाऊ हयात आहे." ठप्प. "अध्यक्षबाई, माझा भाऊ हयात आहे." ठप्प. काल एका बाईने काउंटरपलीकडून विचारलं, "बरं आहेत ना ते?" मी म्हटलं, एकदम ठणठणीत!

बाबांचं काय होईल या विचाराने झोप लागत नाही हे खरं आहे. अख्ख्या गावासमोर त्यांची मान खाली जाईल आणि ती मी घालवलेली असेल. मला आधी घरात सांगता आलं असतं. चारदा तोंड उघडलं. एकदा तर "बाबा, दादा" इथवर आले, तेवढ्यात त्यांनी सदऱ्याच्या बटणाचं विचारलं आणि मी बटण शिवत बसले.

मॅनेजर आता स्वतःच लोकांना सांगत फिरतात की वाळवण रस्त्यावर दिवसभर ऊन असतं, कपडे तासात वाळतात. त्या रस्त्यावरची घरं सर्वांत आधी संपली म्हणे. प्लॅटिनमचं नावही काढत नाहीत.

उत्तर पाठवू नकोस. तू नाही म्हणशील आणि मला ते वाचायचं नाही.

तुझी हट्टी,
ठिणगी


दिनांक २१ मार्च

दादा, दादा, दादा!

नमस्कार वगैरे सगळं आलं यात. सगळे कुशल आहेत, कुशलच्या वर काही असेल तर ते आहेत. सुरुवातीपासून सांगते, नाहीतर तुला शेवट खरा वाटणार नाही.

सभागृह भरलं होतं. घरं घेतलेले लोक किल्ल्या हातात घेऊनच आले होते. भट्टीवरचे जुने कामगारही बरेच होते, काठ्या टेकत आलेले. बाबा पहिल्या ओळीत, पांढरा सदरा, सगळी बटणं लावलेली. मी समितीच्या टेबलाशी. नियमकाका एकेक नाव वाचत होते. वाळवण रस्ता, हरकत? नाही. साचा गल्ली, हरकत? एकाने विचारलं, साचा म्हणजे काय, तर मागून एक म्हातारे कामगार उठले आणि हवेतल्या हवेत वीट पाडून दाखवली. टाळ्या पडल्या. धुराडं चौकाला तर लोकांनी आधीच धुराडं म्हणायला सुरुवात केलीय. दहा नावं सरसर झाली.

मग अकरावं. मुख्याध्यापिका उभ्या राहिल्या, पाण्याची गोष्ट सांगितली, तुझं नाव घेतलं.  नियमकाका म्हणाले, "या नावाला कुणाची हरकत?"

माझं वाक्य तयार होतं. मी खुर्ची मागे सरकवली. टेबलाला धरून उठणार, तेवढ्यात समोरून काठी आपटल्याचा आवाज आला.

"माझी हरकत आहे."

बाबा! दादा, बाबा उभे होते.

नियमकाका गोंधळले. म्हणाले, "आजोबा, तुमच्याच मुलाचं नाव आहे हे."

"तुमचा तो नियम आहे ना, तो वाचा परत. मोठ्याने वाचा, मला कमी ऐकू येतं."

त्यांनी वाचला. हयात व्यक्तीचे नाव रस्त्यास देता येणार नाही.

"मग हे नाव बसत नाही," बाबा म्हणाले. "तो जिवंत आहे."

मी परत बसले. सगळीकडे कुजबुज सुरू झाली. आणि नियमकाका, सवयच ती त्यांची, म्हणतात काय, "याला काही पुरावा?"

बाबा त्यांच्याकडे वळले. आवाज असा लागला त्यांचा, जसा भट्टीवर लागायचा. "तो मेला म्हणून मी सांगितलं, तेव्हा या गावात एकाने पुरावा मागितला नाही. ते खोटं होतं. आज खरं बोलतोय, तर पुरावा मागता?"

  बाबा बसले नाहीत. मग कामगारांच्या बाजूला तोंड करून म्हणाले, "तुमच्यासमोर मी त्याला मारलं होतं. कुंपण घातलं म्हणून. तुमच्यासमोरच सांगतो, त्याचं बरोबर होतं. मला परत बोलवायची लाज वाटली आणि लोक विचारायचे थांबेनात, म्हणून मारून टाकला. चुकलो मी."

दादा, मी लिहितेय आणि परत रडतेय, शाई पसरली तर समजून घे. मुख्याध्यापिका टेबलाला वळसा घालून खाली आल्या. त्यांना धड हसू येत नव्हतं, धड रडू येत नव्हतं. "कुठे आहे तो?" बाबांनी काठी सरळ माझ्याकडे रोखली. "हिला विचारा. हिला पत्रं येतात."

सगळं सभागृह माझ्याकडे बघायला लागलं. आणि इतके दिवस पाठ केलेलं वाक्य शेवटी म्हणायला मिळालं. "अध्यक्षबाई, माझा भाऊ हयात आहे." सवयीने मी हातही आपटला टेबलावर, शिक्का मारल्यासारखा. लोक जे हसायला लागले, टाळ्या वाजवायला लागले! तुझ्याबरोबर काम केलेले एक जण मागून ओरडले, "उंच होता, दारात डोकं आपटायचं त्याचं!" अजून आपटतं का रे?

पण नाव गेलं. नियम म्हणजे नियम, नियमकाकांनी तुझ्या नावावर रेघ मारली. एखाद्याच्या नावावर रेघ मारल्यावर इतके लोक खुश झालेले मी पहिल्यांदाच पाहिले. अग्निशमनवाले साहेब म्हणाले, "ते सगळं छान आहे, पण मला नाव पाहिजे. बिननावाच्या रस्त्यावर माझी गाडी पोचत नाही." तेव्हा मुख्याध्यापिका म्हणाल्या, ज्याचं नाव देता येत नाही, त्यालाच नाव ठेवू दे. पाचही हात वर. मॅनेजरांनी तर दोन्ही केले.

नियमकाकांनी घसा साफ केला. म्हणाले, "हरकत नाही. मात्र नाव सुचवणाऱ्याने समक्ष हजर राहून सही केली पाहिजे. तसा नियम आहे." मी इतके आठवडे त्यांच्या शेजारी बसतेय, हा नियम मी कधी ऐकला नव्हता. नंतर जिन्यात गाठून विचारलं, कुठल्या कलमात आहे हो? ते चष्मा पुसत राहिले, मान काही वर केली नाही. मला दाट संशय आहे की माणसाने तो जागच्या जागी केला.

घरी येताना मी बाबांना विचारलं, "तुम्हाला पत्रांचं कसं कळलं?" म्हणाले, "महिन्यातून एकदा तू पोस्टातून गुणगुणत येतेस. कमी ऐकू येतं मला, पण एवढंही कमी नाही." चार वर्षं, दादा! चार वर्षं या माणसाने माझं गुणगुणणं मोजलं आणि चकार शब्द काढला नाही. मी म्हटलं, मग विचारलं का नाही? तर म्हणाले, "तू सांगायची वाट बघत होतो." मी म्हटलं, मी तुमची बघत होते. 

बाबा सरळ घरी आले नाहीत. म्हणाले, तळ्यावर चल. अकराव्या रस्त्यावर खांब उभा आहे, वर निळी पाटी, कोरी. तिच्याखालून काठाकडे गेलो. तिथे आता लोखंडी कठडा आहे. बाबांनी काठी कठड्याला उभी लावून उंची पाहिली. मग आपल्या कमरेशी हात धरून दाखवला. "त्याचं एवढंच होतं. फळ्यांचं होतं. उंची बरोबर घेतली होती त्याने."  आणि निघताना म्हणाले, "त्याला कळव, लोखंडाचं झालंय. आणि नाव लहान ठेव म्हणावं, मला खालून वाचता आलं पाहिजे."

बाबांना याहून जास्त बोलता येत नाही, तुला माहीत आहे. मला वाटतं, हे पुष्कळ झालं.

तर आता निघ. वहिनींना आण, भाचीला आण. रंध्याबिंध्याला सुट्टी दे. लोक पुढच्या महिन्यात राहायला येतील, त्याआधी पाटी लागायला हवी. रस्ता चांगला आहे, खोकला गेलाय, माझ्याकडची कारणं संपली. नाव काय ठेवायचं ते गाडीत ठरव. पळत ओरडून बघ, डाव्या हाताने लिहून बघ. काही सुचलं नाही तरी ये. नावं ठेवायचा तुला लहानपणापासून सराव आहे, माझ्या चहापासून सुरुवात करू.

स्टेशनवरून कुणालाही विचार, वीटभट्टीची नवी घरं. वाळवण रस्त्याने सरळ यायचं, धुराडं चौकात डावीकडे वळायचं. पुढे तळ्याकाठी निळी पाटी दिसेल, तिच्यावर काही लिहिलेलं नसेल. तिच्याखाली पांढरा सदरा घालून एक म्हातारा उभा असेल. तारीख कळवलीस की तो त्या सकाळपासून उभा राहणार आहे, मी सांगून ऐकणार नाही.

जिवंत माणसाची धाकटी बहीण,
ठिणगी